मोठ्यानं वाच

सकाळी गॅसवर दुधाचं पातेलं चढवलं की ते वर येईपर्यंत सात-आठ मिनिटं मिळतात. आच मी मुद्दाम बारीक ठेवते. पाणी भरून झालेलं असतं, थोरलीच्या डब्याची भाजी झाकलेली असते, धाकटा अजून उठलेला नसतो. ओट्याच्या कडेला, मिसळणाच्या डब्याशेजारी पवित्र शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, उघडं असतं. दाराशी पाटावर सासूबाई लसूण सोलत बसलेल्या असतात. त्या म्हणतात, "हं, वाच. मोठ्यानं वाच."

एवढंच आमचं सकाळचं मनन. दूध वर आलं की थांबायचं. वचन अर्धं राहिलं तर अर्धं.

माझं माहेर मिरजेचं. आजी मिशन हॉस्पिटलात नर्स होती. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं हे हॉस्पिटल म्हणजे मिरजेतल्या ख्रिस्ती घरांचं जणू गोतच. कुणाची आजी नर्स, कुणाचे आजोबा कंपाउंडर, कुणाचा काका एक्स-रेच्या खोलीत. आजी रात्रपाळीहून आली की अंघोळ करायची, चहा घ्यायची आणि खिडकीपाशी काळ्या पुठ्ठ्याचं शास्त्र घेऊन बसायची. तिचे ओठसुद्धा हलायचे नाहीत. मध्येच कुणी काही विचारलं तर ती ओळीवर बोट धरून उत्तर द्यायची आणि परत त्याच शब्दावर जायची. वाचन म्हणजे हे, असं माझ्या मनात तेव्हापासून बसलं. आतल्या आत, गप्प, आणि एकटीनं. ज्या गावात शाळेला जाताना सतारमेकरांच्या गल्लीतून तारा जुळवल्याचा आवाज कानावर यायचा, त्या गावात मी वाचन मात्र बिनआवाजाचं शिकले.

आणि वाचायचे मी अधाशासारखी. वाचनालयातून आणलेली पुस्तकं, भडंग बांधून आलेला कागद, दवाखान्यातली औषधांची पत्रकं. पांघरुणात बॅटरी लावून वाचताना मम्मीनं किती वेळा धपाटा घातला असेल त्याची गणती नाही. आमच्या चर्चच्या तरुण संघातही तेच शिकवलं गेलं. पहाटे उठावं, एकांतात बसावं, दार लावून घ्यावं आणि एक तास प्रभूबरोबर घालवावा. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूनं सांगितलंच आहे, प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा आणि दार लाव. मला ते जमायचं. मिरजेच्या घरात मागची एक खोली होती, तिला कडी होती. लग्न होईपर्यंत माझा हा नेम चुकला नाही, आणि त्या नेमालाच मी माझा विश्वास समजत होते.

लग्न होऊन साताऱ्याला आले. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. नवरा एमआयडीसीत पाळ्यांमध्ये कामाला. दुसऱ्या वर्षी थोरली झाली.

तिच्यानंतरच्या आठ-नऊ महिन्यांबद्दल मी आजवर कुणाशी नीट बोललेले नाही. पोर रात्रभर रडायची, दूध पुरत नव्हतं, टाके दुखायचे, हे सगळ्याच बाळंतिणींचं असतं. पण माझं काहीतरी वेगळंच झालं होतं. दिवे लागायची वेळ झाली की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. पोरीला छातीशी धरून मी भिंतीकडे बघत बसायचे. पुस्तक उघडलं तर अक्षरं दिसायची, पण वाक्य लागायचं नाही. आणि शास्त्राला तर मी हातच लावला नाही. उशाशी होतं, त्यावर बाळाची लंगोटं येऊन पडायची, मी ती उचलायचे, घड्या करायचे, शास्त्र तिथंच. प्रार्थनेला डोळे मिटले की झोप यायची किंवा रडू. एकदा उपासनेनंतर बायकांच्या घोळक्यात एकीनं मायेनंच म्हटलं, "प्रभूसाठी वेळ काढावा लागतो गं, तो आपोआप मिळत नाही." खोटं नव्हतं ते. पण घरी येऊन मी न्हाणीघराचं दार लावलं आणि नळ सोडून रडले. दार लावून घ्यायला आता तेवढीच एक जागा उरली होती.

ते दिवस हळूहळू ओसरले. कसे, ते मला सांगता येणार नाही. पोर बसायला लागली, मग रांगायला लागली, आणि एक दिवस कपडे वाळत घालताना लक्षात आलं की आपण कुठलंसं गायन गुणगुणतोय. एवढंच. पण नेम काही परत आला नाही. धाकट्याच्या वेळेला तब्येत बरी राहिली, तरी पहाटेचा तास, एकांत, कडी लावलेली खोली हे सगळं मिरजेला राहिलं ते राहिलंच. मी चर्चला जायची, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून रात्री प्रार्थना म्हणायची, आणि आतून मला सारखं वाटायचं की मी विश्वासातून निसटलेली बाई आहे. इतरांना अजून कळलेलं नाही, इतकंच.

मग आईंना, म्हणजे सासूबाईंना, दिसेनासं झालं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले साखर आटोक्यात येऊ द्या, मग ऑपरेशन करू. साखर आटोक्यात यायला वर्ष गेलं. आई साताऱ्याच्याच, सातवी शिकलेल्या, आणि रोज वाचणाऱ्या. आधी त्यांनी भिंग आणलं, मग पुस्तक दारातल्या उन्हात नेऊ लागल्या, आणि मग एके सकाळी शास्त्र माझ्यापुढं ओट्यावर ठेवून म्हणाल्या, "मला आता अक्षर लागत न्हाई. तू वाच."

मी म्हटलं, "आई, दूध ठेवलंय."

"मग दूध बघत बघत वाच."

मी वाचायला लागले. सवयीनं मनातल्या मनात. त्या थांबल्या, आणि म्हणाल्या, "मला ऐकायचंय ना गं. मोठ्यानं वाच."

मला माझाच आवाज परका वाटला. लहानपणी वर्गात धडा वाचला असेल, त्यानंतर मी कुणाला मोठ्यानं असं काही वाचून दाखवलंच नव्हतं. पोरीला गोष्टी सांगायचे त्या तोंडी. शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेच्या पहिल्या पानापासून आम्ही सुरुवात केली. दिवसाला एक स्तोत्र, मोठं असेल तर तुकडे पाडून. ११९ वं स्तोत्र १७६ वचनांचं आहे, मुळात हिब्रू वर्णमालेच्या अक्षरांप्रमाणे त्याचे बावीस भाग पाडलेले आहेत, ते आम्ही बावीस दिवस पुरवलं.

मोठ्यानं वाचताना घाई करता येत नाही, हे मला पहिल्या आठवड्यात कळलं. मनात वाचताना मी ओळींवरून धावत असे, आणि ओळखीचं वचन आलं की पुढं उडी. आवाजात वाचायचं म्हणजे प्रत्येक शब्दाला श्वास द्यावा लागतो. आणि समोर ऐकणारी असेल तर आणखी वेगळं. आई मध्येच लसूण सोलायच्या थांबायच्या, म्हणजे ते वचन त्यांना लागलं असं समजायचं. मी तिथं जरा रेंगाळायचे.

आईंच्या माहेरची एक जुनी प्रत आमच्याकडे आहे, पुठ्ठा निघालेली, दोऱ्यानं शिवलेली. पंडिता रमाबाईंनी केलेलं भाषांतर. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाई जवळजवळ १८ वर्षं या कामाला बसल्या होत्या, कारण त्यांना साध्या बाईला ऐकून कळेल असं मराठी हवं होतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते छपाईचे खिळे जुळवून छापलं तेही बायकांनीच. मनोरमा, त्यांची एकुलती एक मुलगी, १९२१ साली गेली. रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या, आणि सगळं पुस्तक छापून झालं १९२४ साली. ती प्रत हातात घेतली की मला भाषांतरकार विदुषी दिसत नाही. तान्ह्या मनोरमेला घेऊन विधवा झालेली तरुण बाई दिसते. रोजच्या वाचनाला आम्ही नेहमीचं शास्त्रच घेतो, पण एखादं वचन अडलं की आई म्हणतात, "रमाबाईंनी काय म्हटलंय बघ."

दुपारचं वाचन आणखी पुढं सुरू झालं. धाकटा दोन ते साडेतीन झोपतो. आईंच्या ट्रंकेत लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' होती. मी ती कॉलेजात वाचली होती, परीक्षेपुरती. आता ताटात तांदूळ निवडायला घेऊन मी बसायचे, पुस्तक मांडीशी टेकवून. चार खडे, एक परिच्छेद. पहिला भाग १९३४ साली आला ते हे पुस्तक, पण वाचायला लागलं की वाटतं, बाई आत्ता शेजारून उठून आमच्या उंबऱ्यात येऊन बसल्यात. ज्या बाईला शाळेचं तोंड बघायला मिळालं नाही, नवऱ्यानं जिला लिहायला-वाचायला शिकवलं, तिचं हे मराठी. आवाजात वाचलं तरच ते खरं कळतं, असं माझं ठाम मत झालं आहे. कॉलेजात मला हे पुस्तक नुसतं गमतीचं वाटलं होतं. आता एकेका वाक्यापाशी घसा दाटायचा.

विशेषतः तो काळ. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि इकडे लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन गेली. पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. पुढं त्या टिळकांकडे परत गेल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपलं सोवळंओवळं घेऊन गेल्या, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली.

"पाच वर्षं," आई म्हणाल्या. त्यांच्या हातातली वात वळायची राहिली होती. लाईट गेल्यावर लागते म्हणून त्या अजून समईच्या वाती वळून ठेवतात. "पाच वर्षं थांबली बाई. नवरा एवढा मोठा कवी, एवढा बोलणारा, तरी त्याच्या हो ला हो म्हटलं न्हाई. तिचं तिला कळेस्तोवर थांबली. आणि देवबी थांबला."

मी ताटातले तांदूळ उगाच इकडचे तिकडे केले. देव थांबतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, पहाटे पाच वाजता मी हजर नसले तर तो निघून जातो.

टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून आमच्या साताऱ्याला येऊन राहिले होते. 'देवाचा दरबार' ही त्यांची कल्पना इथलीच. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे दोन्ही तऱ्हेचे भक्त एकत्र बसावेत असं त्यांना वाटत होतं. दोन वर्षांत ते गेले. त्यांनी सुरू केलेलं 'ख्रिस्तायन' दहा-अकरा अध्यायांवर थांबलेलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुढं नेलं, साठाहून अधिक अध्याय एकटीनं ओवीत लिहिले. पोवई नाक्यावरून मुलांना घेऊन येताना हल्ली माझ्या मनात येतं, या रस्त्यांवरून त्या कधीतरी पिशवी घेऊन भाजीला गेल्या असतील. काय भाव विचारला असेल, कुणाशी बोलल्या असतील. पुस्तकातल्या बाईबद्दल मला आधी असं कधी वाटलं नव्हतं.

थोरली आता सहा वर्षांची आहे. इंग्रजी माध्यमात घातली, आणि तो निर्णय घेताना आम्ही दोघं दोन रात्री झोपलो नव्हतो. तिचं मराठी वाचन अडखळत चालतं. जोडाक्षर आलं की ती माझ्या तोंडाकडे बघते. गेल्या वर्षी संडे स्कूलच्या बाईंनी २३ वं स्तोत्र पाठ करायला दिलं. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." पहिलं वचन तिनं दोन दिवसांत केलं. पण चौथ्यापाशी गाडी अडली. "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात."

"आई, आकडी म्हणजे?"

मी म्हटलं, मेंढपाळाची असते, काठीसारखीच.

"मग काठी परत का म्हटलंय?"

मला उत्तर येईना. इतक्या वेळा म्हटलेलं स्तोत्र, दफनविधीला म्हटलेलं, आजीच्या उशाशी म्हटलेलं, आणि आकडी म्हणजे नेमकं काय ते मला माहीत नव्हतं. शब्दकोशात बघितलं, आकडा, हूक असं काहीतरी. ते तिला सांगून तिचं समाधान झालं नाही. माझंही नाही.

दिवाळी झाली की माण-खटावकडचे धनगर मेंढरं घेऊन पश्चिमेला, कोकणाकडे उतरायला निघतात. साताऱ्याच्या आसपासच्या मोकळ्या शेतांत त्यांचे वाडे, म्हणजे मुक्काम, पडतात. शेतकरी त्यांना बोलावून घेतात, मेंढरं रात्रभर शेतात बसली की लेंड्यांचं खत मिळतं, त्या बदल्यात धान्य देतात नाहीतर पैसे. संगम माहुलीच्या बाजूला एका ओळखीच्यांकडे आम्ही गेलो होतो, त्यांच्या शेतात वाडा होता. वाघर म्हणतात ती जाळी लावून मेंढरं आत घेतली होती, घोड्यावरून उतरवलेलं बिऱ्हाड बांधाला मांडलं होतं, आणि घोंगडीवर एक कोकरू झोपलं होतं, एक पोर झोपलं होतं, दोघं एकमेकांना चिकटून.

थोरली मला सोडून सरळ चुलीपाशी गेली. तिथं एक बाई भाकरी थापत होती, माझ्याच वयाची असेल. थोरलीनं विचारलं, "तुमच्याकडं आकडी आहे का?"

बाईनं पिठाचे हात झटकले आणि बांधाला टेकवलेला लांब बांबू दाखवला. त्याच्या टोकाला लोखंडाचा वाकडा कोयता बांधलेला. "ही बघ आकडी. वर बाभळीला पाला आसतो, मेंढराला कसा घावंल? मंग ह्येनं फांदी खाली वडायची."

"आणि काठी?"

"काठी व्हय? काठी राखणीला. कुत्रं आलं, लांडगा आला तर."

परत येताना थोरली स्कूटीवर माझ्यामागं बसून मोठमोठ्यानं तेच म्हणत होती. तुझी आकडी खायला, आणि तुझी काठी राखायला. रात्री तिनं आजीला शिकवलं. आई म्हणाल्या, "बघ की. इतकी वर्षं म्हणतीया मी, आणि मला आज कळलं." पॅलेस्टाइनातल्या मेंढपाळाची आकडी वेगळ्या घडणीची असेल. पण मराठी भाषांतरकारानं हा शब्द कुठल्याशा धनगराच्या वाड्यावरून उचलला असावा, असं मला आता वाटतं, आणि त्याचे मनापासून आभार मानावेसे वाटतात. ज्याच्या हाती आकडी आहे तो माझ्या हाताला न लागणारी फांदी खाली ओढून देतो. दारापर्यंत, ओट्यापर्यंत.

त्याच सुट्टीत भिलारलाही जाऊन आलो. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधलं हे स्ट्रॉबेरीचं गाव २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं, लोकांच्या घरांतून, ओसऱ्यांतून पुस्तकं मांडलेली आहेत, कुणीही जावं आणि वाचत बसावं. धाकट्यानं तिथं फक्त स्ट्रॉबेरी खाल्ली. थोरलीनं बालसाहित्याच्या खोलीत जमिनीवर बसून एक अख्खं पुस्तक वाचलं, जोडाक्षरांसकट, आवाज काढून. बाजूला बसलेल्या दोन कॉलेजच्या मुलींनी आपली पुस्तकं खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलं.

आमच्या चाळवजा इमारतीत भिंती पातळ आहेत. पलीकडच्या काकू वारकरी. त्यांचा हरिपाठ संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो, आणि आषाढात माउलींची पालखी लोणंदला आली की त्या तीन दिवस गायब असतात. नाताळात आमची करंज्या-चकल्यांची ताटं त्यांच्याकडे जातात, दिवाळीत त्यांची इकडे येतात, दोन्हीकडे तेच पदार्थ, फक्त आमच्यात केक जास्तीचा. हळदीकुंकवाला त्या मला बोलावतात आणि कुंकवाऐवजी हातावर फूल ठेवतात. हे त्यांनी कधी बोलून ठरवलं नाही. पहिल्या वर्षीच तसं केलं आणि तेव्हापासून तसंच. माझा आवाज त्यांच्या घरात जात असेल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. धाकट्याला ताप होता म्हणून दोन दिवस आमचं वाचन झालं नाही, तेव्हा काकू दारात आल्या. हातात त्याच्यासाठी मऊ भाताची वाटी होती. म्हणाल्या, "बरं हाय का त्याला? सकाळचं तुमचं ऐकू आलं न्हाई. च्या टाकला आणि वाट बघत हुते."

त्या दिवशी वाटी रिकामी करून द्यायला गेले तेव्हा मी त्यांच्या देवघरासमोर थोडा वेळ बसले. त्यांनी त्यांची ज्ञानेश्वरी दाखवली, पानांच्या कडा बोटांनी काळ्या पडलेली. अगदी आमच्या शास्त्रासारखी.

आता जे सांगायचं आहे ते मी बरेच दिवस लिहू की नको करत होते.

स्तोत्रसंहिता आम्ही ओळीनं वाचत होतो, असं मी वर म्हटलं. ते पूर्ण खरं नाही. ८८ वं स्तोत्र मी गाळलं. आदल्या रात्री पुढचं चाळून बघायची मला सवय होती, कठीण शब्द असला तर अडखळायला नको म्हणून. ८८ वं बघितलं आणि पुस्तक मिटलं. दुःखाची स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण ती बहुतेक कुठंतरी वळतात. शेवटी एखादं वचन येतं, तरी मी तुझी स्तुती करीन. हे वळत नाही. दिवसरात्र हाका मारूनही उत्तर नाही, मित्र दूर गेलेले, आणि शेवटी अंधार. तिथंच संपतं. आईंची एक मुलगी चार महिन्यांची होऊन गेलेली, माझ्या नवऱ्याच्या आधीची. त्यांच्या समोर बसून मी हे कसं वाचू? आणि खरं सांगायचं तर, मला माझ्यासाठीही ते वाचायचं नव्हतं. त्या भिंतीकडे बघत बसायच्या दिवसांचा वास त्याला होता. दुसऱ्या दिवशी मी ८७ नंतर ८९ काढलं. आई काही बोलल्या नाहीत. त्यांना पान दिसत नव्हतंच. सहा महिन्यांनी स्तोत्रं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, तेव्हाही मी तसंच केलं.

गेल्या फेब्रुवारीत आईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर थेंब घालायचे, चुलीजवळ जायचं नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, काळा चष्मा. दर दोन तासांनी थेंब घालायला थोरली घड्याळ घेऊन बसायची. महिना झाला, नवा नंबर मिळाला, चष्मा आला. त्या दिवशी आईंनी खिडकीत बसून आधी धाकट्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. त्याच्या हनुवटीवर तीळ आहे हे त्यांना पहिल्यांदा दिसलं. मग शास्त्र मागितलं. मला वाटलं, झालं. आता त्यांचं त्या वाचतील.

त्यांनी पानं उलटली आणि मला हाक मारली. बोट ८८ व्या स्तोत्रावर होतं.

"हे तू दोन्ही वेळंला गाळलंस."

मला काय बोलावं सुचेना. "तुम्हाला कसं कळलं?"

"पाठ हाय मला. पोर गेली तवा हेच एक स्तोत्र मला म्हणता यायचं. बाकीची सगळी शेवटाला स्तुतीवर येत्यात. मला तवा स्तुती करायची नव्हती गं." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "तू गाळलंस तवा मला वाटलं, असू दे, तिला अजून नको असंल. थांबू की."

मी त्यांच्याजवळ खाली बसले.

"थोरलीच्या वेळंला तू भिंतीकडं बघत बसायचीस," त्या म्हणाल्या. "मला काय करावं कळायचं न्हाई. बोलायला गेलं तर तू रडायचीस. मग रात्री तुझ्या खोलीत लाईट बंद झाली की मी हे म्हणायची. तुला म्हणता येत नसंल, म्हणून तुझ्या वतीनं. मोठ्यानं न्हाई, तुला ऐकू गेलं असतं."

मधे नुसता एक पडदा होता, त्या खोलीला दारच नाही. त्या महिन्यांत मी अंधारात पडून असायचे आणि मला वाटायचं की या घरात कुणीही प्रार्थना करत नाहीये.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध चढवलं. आई चष्मा लावून पाटावर बसल्या, पुस्तक त्यांनी माझ्याचकडे दिलं. मी ८८ वं काढलं आणि वाचलं. मधे एकदा आवाज फुटला नाही, तेव्हा तेवढं वचन त्यांनी पाठचं म्हटलं, आणि मी पुढचं घेतलं. भिंतीपलीकडे काकूंच्या कपबशीचा आवाज थांबला होता.

थोरली दात घासायचा ब्रश तोंडात धरून दारात उभी होती. "संपलं?" तिनं विचारलं.

"संपलं," आई म्हणाल्या. "ते एवढंच हाय."

दूध वर आलं होतं. मी गॅस बंद केला आणि तिचा डबा भरायला घेतला.